पक्षिनोंदी, उन्हाळी (वऱ्हाड)

पक्षिनोंदी, उन्हाळी (वऱ्हाड) : मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत वऱ्हाडात दिसलेल्या अथवा आवाजावरून ओळखलेल्या पक्ष्यांचे जात, स्थळ, वेळ, संख्या व वर्तन यांनुसार केलेले टिपण आणि अशा टिपणांची त्याच परिसरातील निरीक्षकांनी आपापसांत केलेली देवाणघेवाण. एखाद्याला पक्षी दिसला, एवढ्याने त्याची नोंद होत नाही. ते दर्शन दुसऱ्याला तपासून पाहता येईल अशा तपशिलांसह सांगितले गेले, तरच त्याला नोंदीचे स्वरूप येते आणि अनेकांच्या नोंदी एकत्र आल्यावर त्यांतून त्या प्रदेशाच्या पक्षिजीवनाचे ज्ञान होते. तथापि उन्हाळा हा येथील अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्यामुळे या ऋतूत नोंदीची देवाणघेवाण दुधारी ठरते. जी माहिती पक्ष्याच्या संरक्षणास उपयोगी पडते, तीच अविचाराने पसरली, तर त्याचे घरटे उद्ध्वस्त होण्यास कारण होऊ शकते. म्हणून काय सांगावे याच्याइतकाच ते कोणाला व केव्हा सांगावे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. या नोंदीत अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वेचा परिसर मुख्यतः उदाहरणादाखल घेतला आहे.

प्रदेश व ऋतू : धामणगाव रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई–नागपूर लोहमार्गावर बडनेरा व पुलगाव यांच्या दरम्यान वसलेले असून कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या पूर्वेस वर्धा नदी असून ती अमरावती व वर्धा या जिल्ह्यांची सीमा आहे. जमीन मुख्यत्वे काळी कसदार असून तीत कापूस, तूर व सोयाबीन ही पिके घेतली जातात. चांदूर रेल्वेपासून अमरावतीकडे जाताना पोहरा–मालखेड हे कोरड्या पानझडी वनाचे क्षेत्र लागते, तर जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत मेळघाटचे अरण्य आहे. अशा रीतीने शेत, माळ, नदीपात्र, गावतळे व वन असे पाचही प्रकारचे अधिवास या भागातील निरीक्षकाला फारसे दूर न जाता उपलब्ध होतात.

उन्हाळ्यात अमरावती व अकोला येथील कमाल तापमान पुष्कळदा ४५° से.च्या वर जाते. पऱ्हाटी उपटून झालेली शेते उघडी पडतात, नाले आटतात आणि पाणी थोड्या डोहांपुरते उरते. या काळात पक्ष्यांची हालचाल पहाटेपासून सु. नऊ वाजेपर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर अधिक असते. भर दुपारी ते निंब, आंबा, चिंच यांसारख्या दाट झाडांच्या सावलीत स्वस्थ बसतात. त्यामुळे दुपारच्या फेरीत पक्षी दिसले नाहीत म्हणून ते तेथे नाहीत, असा निष्कर्ष काढता येत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडील बदके व पाणपक्षी तलावांवर येत असल्याने निरीक्षकांची गर्दी त्या ऋतूत होते. उन्हाळ्यात ती ओसरते. परिणामी स्थानिक पक्षी विणीच्या काळात कोठे असतात, त्यांची घरटी यशस्वी होतात किंवा कसे, याविषयीची माहिती तुलनेने तोकडी राहते. उन्हाळी नोंदींचे महत्त्व मुख्यतः या उणिवेमुळे आहे.

उन्हाळ्यातील पक्षी : या ऋतूत आढळणाऱ्या पक्ष्यांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात. पहिला गट उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचा. टिटवी (व्हॅनेलस इंडिकस) ही पडीक शेतात किंवा खडकाळ जागी साध्या खळग्यात बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंग मातीशी व खड्यांशी इतका मिळताजुळता असतो, की दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. कोरड्या माळावर पिवळ्या गलोलीची माळटिटवी (व्हॅनेलस मलबारिकस), धाविक, तितर व चंडोल यांची वीण होते. विदर्भातील मोठ्या नद्यांच्या वाळूच्या पट्ट्यांवर नदी टिटवी व नदी सुरय हे पक्षी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावरच अंडी घालतात. वाळूचा उपसा आणि धरणातून अवेळी सोडलेले पाणी या दोन्हींचा धोका त्यांना असतो.

दुसरा गट झाडांच्या ढोलीत किंवा फांद्यांवर घरटी करणाऱ्यांचा. चाष (कोरॅसियस बेंगालेन्सिस) हा यांतील सर्वांच्या परिचयाचा असून त्यास तास, नीलपंख व नीलकंठ अशीही नावे आहेत. दसऱ्याला त्याचे दर्शन विदर्भात शुभ मानतात. मार्च ते जून या काळात नर हवेत उंच जाऊन कोलांट्या घेत कर्कश आवाज करीत खाली येतो. ही त्याची प्रणयक्रीडा होय. घरट्यासाठी त्याला जुन्या, पोकळ झाडांची गरज असते. शेताच्या धुऱ्यावरील वठलेली झाडे तोडली गेली, म्हणजे भक्ष्य विपुल असूनही त्याची वीण खुंटते. हळद्या, कोतवाल, पिंगळा, धनेश व स्वर्गीय नर्तक हे पक्षीही याच काळात वीण करतात.

तिसरा गट पावसाची चाहूल देणाऱ्यांचा. यात पावशा, चातक व नवरंग हे येतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

नोंदीचे घटक : उपयुक्त नोंदीत दिनांक, सुरुवातीची व शेवटची वेळ, नेमके स्थळ, चाललेले अंतर, निरीक्षकांची संख्या, जातिनिहाय पक्षिसंख्या, अधिवास, वर्तन व हवामान यांचा समावेश असावा. वर्तनात घरट्यासाठी काडी नेणे, चोचीत भक्ष्य धरून उडणे, पिलांना भरविणे यांसारख्या विणीच्या खुणांना विशेष महत्त्व आहे. कारण पक्षी केवळ आढळतो की तेथे वीणही करतो, हे त्यांवरून ठरते. ओळख कशावरून पटली हेही लिहावे. ‘टिटवी दिसली’ एवढेच टिपण अपुरे होय, कारण वऱ्हाडात टिटवीच्या तीन जाती संभवतात. डोळ्यांपुढील लाल मांसल पट्टी, चोचीलगतची पिवळी गलोल किंवा काळा तुरा व काळा गळा यांपैकी काय दिसले, हे लिहिल्याने जात निश्चित होते. खात्री नसल्यास तसे नमूद करणे हा नोंदीचा दोष नसून गुण आहे.

स्थानिक नावे जपून वापरावी लागतात. एकाच पक्ष्याला गावोगावी वेगवेगळी नावे असतात व एकच नाव कधीकधी दोन पक्ष्यांना लावले जाते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून केलेल्या दीर्घ भ्रमंतीत आदिवासी व ग्रामीण लोकांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली; त्यांचा पक्षिकोश या दृष्टीने उपयुक्त आहे. नोंद करताना लोकांतील नाव टिपून त्यासोबत शास्त्रीय नाव देणे, ही सर्वांत निर्दोष पद्धत होय. लोकनाव टाकून देऊ नये, कारण त्यात पक्ष्याचे वर्तन, आवाज किंवा ऋतू यांविषयीचे निरीक्षण साठविलेले असते.

पूर्ण यादीचे महत्त्व : पुष्कळ निरीक्षक केवळ दुर्मिळ पक्ष्याचीच वार्ता देतात व चिमणी, मैना, होला, कावळा यांना वगळतात. अशा वार्तांवरून पक्ष्यांची संख्या वाढली की घटली, हे सांगता येत नाही. याउलट ठरावीक वेळात ओळखता आलेल्या सर्व जातींची पूर्ण यादी केली, तर न दिसलेल्या पक्ष्याचीही आपोआप नोंद होते. समजा, धामणगाव परिसरात मे महिन्यात पाच निरीक्षकांनी प्रत्येकी चार, याप्रमाणे वीस पूर्ण याद्या केल्या आणि त्यांपैकी आठ याद्यांत चाष आढळला, तर त्याची वारंवारता ४० टक्के झाली. पाच वर्षांनी त्याच ठिकाणी, त्याच महिन्यात व तेवढाच वेळ देऊन केलेल्या वीस याद्यांपैकी चारच याद्यांत तो आढळल्यास वारंवारता २० टक्क्यांवर आली, असे होते. घट खरोखरीच झाली की योगायोगाने पक्षी दिसला नाही, हे ठरविण्यास याद्यांची संख्या अधिक असावी लागते. म्हणूनच एकट्याच्या परिश्रमाने हे काम होत नाही. गाडीने नित्य प्रवास करणाऱ्यालाही यात भाग घेता येतो. उदा., धामणगाव ते चांदूर रेल्वे या टप्प्यात मार्गालगतच्या तारांवर व खांबांवर बसलेले चाष, वेडे राघू व कोतवाल एकाच बाजूच्या खिडकीतून दर आठवड्याला मोजल्यास काही वर्षांत तुलनेस योग्य अशी मालिका तयार होते.

देवाणघेवाणीचा इतिहास : भारतात पक्षिनोंदींच्या प्रसिद्धीला एकोणिसाव्या शतकात चालना मिळाली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९–१९१२) यांनी स्ट्रे फेदर्स हे नियतकालिक चालवून देशभरच्या अधिकाऱ्यांकडून आलेली टिपणे व नमुने एकत्र केले. मुंबई येथे १८८३ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली व १८८६ पासून तिचे जर्नल निघू लागले. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे ई. ए. डी’अब्रू यांनी मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी याच जर्नलमध्ये १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स (१९४१) या ग्रंथाने सामान्य वाचकाला पक्षी ओळखण्याचे साधन दिले. झफर फत्तेहअली (१९२०–२०१३) यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स या चक्रमुद्रित पत्रिकेमुळे लहान गावातील हौशी निरीक्षकालाही आपले टिपण इतरांपुढे ठेवण्याची सोय झाली. महाराष्ट्रात पक्षिमित्रांची संमेलने १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली आणि मराठीतून नोंदी सांगण्याचा प्रघात दृढ झाला.

इतर देशांतही हौशी निरीक्षकांच्या सहकार्यावरच असे उपक्रम उभे राहिले. अमेरिकेत नाताळातील पक्षिगणना १९०० पासून होत आली आहे. ब्रिटनमध्ये १९३९ पासून घरट्यांच्या नोंदींची योजना चालू असून प्रत्येक घरट्याला पुनःपुन्हा पण अल्प काळ भेट देऊन अंडी व पिले यांची संख्या टिपली जाते. संगणकाधारित ई-बर्ड ही व्यवस्था अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केली व आता भारतातील बहुसंख्य याद्या तीत जमा होतात. मे महिन्यात जगभर एकाच दिवशी होणारी पक्षिगणना २०१५ पासून सुरू झाली असून उन्हाळी नोंदींची उणीव भरून काढण्यास ती साहाय्यभूत ठरते.

भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सु. ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर आधारलेला असून त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. त्यांपैकी १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने अग्रक्रम देण्यात आला. सर्वत्र दिसतो म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष होत होते, त्या चाषाची संख्या लक्षणीय प्रमाणात घटल्याचे याच अहवालात दिसून आले आणि त्याच्या जागतिक दर्जाचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस करण्यात आली. सामान्य पक्ष्याच्या सामान्य नोंदी एकत्र केल्या नसत्या, तर ही घट लक्षात येणे कठीण होते.

स्थानिक पातळीवर याचे उदाहरण पोहरा–मालखेडचे आहे. या वनक्षेत्रातील पक्ष्यांची सूची २००२ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढील निरीक्षणांच्या आधारे २००७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. सूची ही एकदा करून ठेवण्याची वस्तू नसून नव्या नोंदींनी सतत दुरुस्त होत राहणारी असते, हे यावरून स्पष्ट होते.

रानपिंगळा : खरी नोंद व खोटी नोंद यांतील अंतर किती दूरगामी परिणाम करते, हे रानपिंगळ्याच्या (अथेनी ब्लेविटी) इतिहासावरून कळते. एफ. आर. ब्लेविट यांनी मिळविलेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचे वर्णन केले. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात नमुने गोळा केले. त्यानंतर हा पक्षी कोणाला निश्चितपणे आढळला नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर तो गुजरातमधील मांडवी येथे १९१४ मध्ये मिळाल्याची चिठ्ठी होती. पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांनी संग्रहालयांतील नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा हा नमुना डेव्हिडसन यांनी पूर्वी मिळविलेल्यांपैकीच असून तो चोरून, पुन्हा भरून, खोट्या चिठ्ठीसह ठेवण्यात आला होता, असे आढळून आले. खोटी नोंद बाजूस सारून मूळ, विश्वसनीय ठिकाणांवर लक्ष केंद्रित केल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहादा परिसरात रानपिंगळा प्रत्यक्ष दिसला. मधल्या ११३ वर्षांत त्याला नामशेष मानण्यापर्यंत मजल गेली होती.

पुढे मेळघाटात रानपिंगळ्याची चांगली वस्ती असल्याचे आढळले. दिवसा वावरणाऱ्या या घुबडाला सामान्य पिंगळा (अथेनी ब्रामा) समजण्याची चूक सहज होऊ शकते. पिंगळ्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ ठिपकेरहित, छातीवर गडद पट्टा व पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. यांपैकी कोणती लक्षणे दिसली, हे न लिहिता ‘रानपिंगळा दिसला’ एवढेच कळविल्यास ती नोंद स्वीकारता येत नाही, आणि लक्षणे न पाहता ‘पिंगळा’ असे लिहिल्यास दुर्मिळ पक्षी नजरेतून निसटतो. जागतिक यादीत रानपिंगळ्याचा दर्जा २०१८ पासून ‘संकटग्रस्त’ असा आहे.

पावसाचे अग्रदूत : पावशा (हायरोकॉक्सिक्स व्हेरियस) हा वृक्षवासी पक्षी मे-जूनमध्ये चढत्या स्वरात पुनःपुन्हा ओरडतो. शेतकरी त्याच्या आवाजात ‘पेरते व्हा’ असे शब्द ऐकतात. चातक (क्लॅमॅटर जॅकोबिनस) हा काळापांढरा, तुरेवाला पक्षी असून मध्य व उत्तर भारतात तो आफ्रिकेकडून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुमारास येतो. दोघेही सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतात. लोकांच्या बोलण्यात मात्र पावशालाच पुष्कळदा चातक म्हटले जाते. पावशा उन्हाळ्याआधीही येथेच असतो, फक्त मूक असतो; चातक खरोखरीच येतो. म्हणून पहिल्याच्या बाबतीत ‘ओरडू लागल्याचा दिनांक’ व दुसऱ्याच्या बाबतीत ‘प्रथम दिसल्याचा दिनांक’ नोंदविणे योग्य होय.

बंगलोर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने २००७ मध्ये सुरू केलेल्या मायग्रंटवॉच या उपक्रमात स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाचे दिनांक देशभरातून मागविण्यात आले व चातकावर विशेष भर देण्यात आला. अशा दिनांकांचा अर्थ लावताना एक सावधगिरी आवश्यक असते. निरीक्षकांची संख्या वाढली, की कोणाला तरी पक्षी लवकर दिसण्याची शक्यता वाढते. त्यामुळे आगमन प्रत्यक्षात बदललेले नसतानाही ‘पहिला दिनांक’ अलीकडे सरकतो. यावर उपाय म्हणजे मेच्या मध्यापासून दररोज ठरावीक जागी ठरावीक वेळ निरीक्षण करून पक्षी दिसला नाही, तरी तसे लिहिणे. ‘दिसला नाही’ ही नोंद ‘दिसला’ या नोंदीइतकीच मोलाची असते.

नवरंग (पिट्टा ब्रॅकियुरा) दक्षिण भारत व श्रीलंका येथे हिवाळा घालवून मेच्या अखेरीस मध्य भारतातील वनांत विणीसाठी येतो. तो रात्री प्रवास करतो व थकलेल्या अवस्थेत कधीकधी गावातील अंगणात किंवा घरात शिरलेला आढळतो. असा पक्षी सापडल्यास त्याला हाताळून छायाचित्रे घेत न बसता सावलीत, शांत जागी ठेवावे, मांजर व कुत्रा यांपासून सांभाळावे, सायंकाळी झाडीत सोडावे आणि जखमी असल्यास वनखात्याला कळवावे. दिनांक व स्थळ यांची नोंद मात्र अवश्य करावी. कारण वऱ्हाडातून होणाऱ्या त्याच्या प्रवासाचा काळ अशा नोंदींवरूनच निश्चित होतो.

विणीच्या नोंदींची मर्यादा : पक्ष्यांच्या अंड्यांच्या उबवणीस सु. ३७° ते ३८° से. तापमान योग्य असते. त्याहून काही अंशांनी अधिक तापमान टिकून राहिल्यास आतील भ्रूण मरतो. मे महिन्यात उघड्या जमिनीचे तापमान हवेच्या तापमानापेक्षाही पुष्कळ अधिक असते. म्हणून भर उन्हात टिटवी अंड्यांवर बसते, ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. तलावाच्या काठी जाऊन ती पोटाची पिसे भिजवून आणते व अंडी थंड ठेवते. अशा वेळी निरीक्षक किंवा छायाचित्रकार घरट्याजवळ थांबला आणि पक्षी थोडा वेळ दूर राहिला, तरी सर्व अंडी निकामी होऊ शकतात. माणसाने अंड्याला हात लावला नाही, एवढ्याने हानी टळत नाही. शिवाय त्याच्या पावलांमागून कावळा, मुंगूस व कुत्रा घरट्यापर्यंत पोचतात.

यावरून देवाणघेवाणीचे काही संकेत निष्पन्न होतात. घरट्याचे नेमके स्थळ पिले उडून जाईपर्यंत जाहीर करू नये; तोपर्यंत केवळ तालुका व अधिवास सांगावा. घरट्याचे जवळून घेतलेले छायाचित्र प्रसृत करू नये, कारण त्यातील झाड, खांब किंवा बांध यांवरून जागा ओळखता येते. ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला पुढे बोलावू नये. विणीच्या काळात नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजतो व घरटे सोडून त्याच्यामागे शक्ती खर्च करतो. रानपिंगळ्यासारख्या जातींबाबत ही बंधने अधिक कडकपणे पाळावीत. ई-बर्डमध्येही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे सर्वांना दिसणार नाहीत, अशी व्यवस्था आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना इजा करणे किंवा त्यांना उपद्रव देणे यांचाही अंतर्भाव होतो.

तथापि गुप्तता हा सरसकट नियम नव्हे. टिटवीचे घरटे शेतात असल्यास ते सर्वप्रथम शेतमालकाला व नांगरणाऱ्याला सांगितले पाहिजे. वखर फिरविताना तेवढी जागा सोडली, तर अंडी वाचतात. नदीपात्रातील वसाहत वनखात्याला, वठलेल्या झाडातील चाषाची ढोली झाड तोडणाऱ्याला, पाणवठ्याजवळचे घरटे गुराख्याला सांगणे हिताचे ठरते. थोडक्यात, ज्याच्या हाती घरट्याचे रक्षण आहे, त्याला ते आधी कळावे आणि ज्याला केवळ पाहण्याची हौस आहे, त्याला वीण आटोपल्यावर कळावे. ही विभागणी त्या गावातील निरीक्षकांची परस्परांत ओळख व विश्वास असेल, तरच साधते. दूरच्या अनोळखी समूहात माहितीचा प्रसार कोठवर होईल, हे सांगणाऱ्याच्या हाती राहत नाही.

पाणवठे : उन्हाळ्यात पाणवठा हे निरीक्षणाचे सोयीचे ठिकाण होय. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांलगतच्या मचाणांवर बसून वन्य प्राण्यांची नोंद करण्याची प्रथा आहे व तीत स्वयंसेवकही भाग घेतात. गावाजवळच्या पाणवठ्यावर पक्षी मोजताना निरीक्षकाने वाऱ्याच्या रोखाकडे लक्ष देण्यापेक्षा अंतर, आडोसा व निश्चलता यांची काळजी घ्यावी. तहानलेला पक्षी माणसाच्या भीतीने परत गेल्यास त्याला दुसरे पाणी जवळ मिळेलच, असे नसते. एकच पक्षी अनेकदा पाण्यावर येत असल्याने एकूण फेऱ्यांची बेरीज न देता एका वेळी दिसलेली अधिकतम संख्या द्यावी. घराच्या आवारात ठेवलेल्या पाण्याच्या उथळ भांड्यावर येणाऱ्या पक्ष्यांची नोंदही याच रीतीने करता येते. ते भांडे रोज घासून भरणे आवश्यक असते, अन्यथा रोगप्रसार संभवतो.

स्थानिक ज्ञान : शास्त्रीय पद्धतीने नोंद ठेवणाऱ्यांपेक्षा गुराखी, सालदार, मासे धरणारे व पारधी हे रानात कितीतरी अधिक काळ असतात. वाशीम व अकोला जिल्ह्यांतील गवताळ माळांवर पावसाळ्यात वीण करणारा तणमोर (सिफिओटायडिस इंडिकस) हा या दृष्टीने बोधप्रद आहे. नर गवतातून वारंवार उंच उडी घेतो, तेवढ्यापुरताच तो दिसतो. एरवी त्याचा थांग लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या फास लावून उपजीविका करणाऱ्या फासेपारधी समाजाला त्याच्या सवयी व जागा माहीत होत्या. या समाजाला सोबत घेऊन संवेदना या संस्थेने तेथील माळरानांच्या व तणमोराच्या रक्षणाचे काम केले. पकडण्यासाठी वापरले जाणारे ज्ञान राखण्यासाठी वापरले गेल्याचे हे उदाहरण होय. तणमोराचा जागतिक दर्जा २०२१ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ असा असून उन्हाळ्यात माळ नांगरले किंवा जाळले जातात की राखले जातात, यावर पावसाळ्यातील त्याची वीण अवलंबून असते.

अशा जाणकारांकडून मिळालेली माहिती नोंदविताना ती कोणत्या ऋतूतील व किती वर्षांपूर्वीची आहे, स्वतः पाहिलेली की ऐकीव, हे विचारून लिहावे आणि सांगणाऱ्याची संमती असल्यास त्याला श्रेय द्यावे. पूर्वी दिसत असे व आता दिसत नाही, ही वृद्धांची आठवणही तारतम्याने टिपण्याजोगी आहे. वऱ्हाडातील माळ, धुऱ्यांवरील झाडी व नदीतील वाळू यांत गेल्या काही दशकांत झालेले बदल जलद असून त्यांच्या आधीची पक्षिस्थिती दर्शविणारी लेखी साधने थोडी आहेत. आज धामणगावसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे एकाच रीतीने ठेवलेली व परस्परांनी तपासलेली साधी उन्हाळी वहीदेखील पुढील अभ्यासकाला तुलनेसाठी आधारभूत साधन ठरेल.